पाणी भरणाऱ्यांना ठाऊक होते : बेल्जियमच्या मठांतील काळी बिअर

काना गावच्या लग्नाची कथा आपल्या घराघरांत परिचयाची आहे. द्राक्षारस संपला, मातेने शब्द टाकला आणि सेवकांनी सहा दगडी रांजण पाण्याने काठोकाठ भरले. पुढे भोजनकारभाऱ्याने त्या रांजणांतील द्राक्षारस चाखला व वराला बोलावून त्याची वाखाणणी केली. योहानकृत शुभवर्तमानात या प्रसंगी एक लहानसा तपशील आला आहे. आपले लक्ष त्याकडे सहसा जात नाही. तो द्राक्षारस कोठून आला हे कारभाऱ्याला माहीत नव्हते. ज्यांनी पाणी काढले होते त्या सेवकांना मात्र ते ठाऊक होते.

चवीची पारख करणारा एक, आणि त्या चवीचे मूळ जाणणारे दुसरेच. कारभारी खोटे बोलला नाही. त्याच्या जिभेने अचूक निवाडा दिला. तरीही त्याचे ज्ञान अपुरेच राहिले. बेल्जियममधील त्रापिस्त मठांत तयार होणाऱ्या काळ्या, कडक बिअरचा इतिहास वाचताना या दोन प्रकारच्या ज्ञानांची आठवण पदोपदी होते. जगभरचे परीक्षक या बिअरला गुण देतात, तिच्यासाठी रांगा लावतात, तिच्या चवीची वर्णने करतात. परंतु ती कोणी, कशासाठी आणि किती प्रमाणात तयार करावी, या प्रश्नांपायी मठवासीयांनी जे सोसले आणि जे नाकारले, ते चषकात दिसत नाही.

अशा अंकात बिअरवरचा लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील आणि ते स्वाभाविकच आहे. दारूने किती संसारांची धूळधाण केली हे आपल्या धर्मग्रामांत कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. लग्नाच्या मांडवात आशीर्वादाचा पेला उंचावणारे हात आणि त्याच व्यसनापायी रिकामे झालेले हात, दोन्ही आपण पाहिले आहेत. कोणाला प्यायला शिकवावे हा या लेखाचा हेतू नाही. पण ज्या व्रतस्थांनी हा धंदा शतकानुशतके हाताळला आणि त्याला आपल्यावर स्वार होऊ दिले नाही, त्यांचा इतिहास आपल्यालाही काही सांगू शकेल, एवढ्याच भावनेने हे लिहिले आहे.

कारभाऱ्याची रीत

प्रथम चवीची पारख कशी करतात ते पाहू. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या बीजेसीपी या परीक्षकांच्या संस्थेने बिअरसाठी ५० गुणांची पद्धत ठरविली आहे. गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १० गुण असतात. स्पर्धेत परीक्षकासमोर बाटली येत नाही, केवळ क्रमांक घातलेला पेला येतो. कोणी बनविली, कोठे बनविली, किंमत काय, यांतले काहीही त्याला कळू दिले जात नाही. म्हणजे कानाचा कारभारी आणि आजचा परीक्षक यांची बसण्याची जागा एकच आहे!

ही काळी बिअर बर्फासारखी थंड पीत नाहीत. अति थंडीने गंध दबून जातो, म्हणून ती साधारण १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवतात. पेला रुंद तोंडाचा व उंच दांड्याचा असतो. मिस्साबलिदानातील चषकाची आठवण करून देणारा. बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ बसलेला असतो. तो हलू नये म्हणून बाटली सावकाश, एकाच दमात तिरपी करून ओततात व शेवटचा थोडा भाग मागे ठेवतात.

मग पेला उजेडासमोर धरायचा. मधोमध काळसर तपकिरी आणि कडेला माणकासारखी तांबूस झाक, वर सायीसारखा दाट, किंचित पिवळसर फेस. हे चांगले लक्षण. त्यानंतर गंध. मनुका, खजूर, सुके अंजीर, थोडी लवंग, थोडी काकवी. आणि भाजलेल्या धान्याचा वापर केला असेल तर कॉफी व कडू चॉकलेट. घोट घेतल्यावर आधी गोडी येते, मग कडवटपणा तिला आवरतो आणि शेवटी जीभ कोरडी व स्वच्छ होते. कडक असूनही जड वाटू नये, पोटाला बाधू नये, ही बेल्जियमच्या बिअरकर्त्यांची खरी कसोटी. मद्यार्काची ऊब छातीत जाणवावी, घसा भाजू नये.

दोषही ठरलेले आहेत. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअरला हवा लागली. लोण्याचा वास आला तर किण्वन नीट पुरे झाले नाही. शिजलेल्या कोबीसारखा वास आला तर उकळण्यात कसूर झाली. नखे रंगविण्याच्या द्रवासारखा उग्र वास आला तर यीस्टला फार उष्णतेत घाई करायला लावली. परीक्षक दोन नमुन्यांमध्ये पाणी पितो, पावाचा तुकडा खातो आणि मगच पुढच्या पेल्याकडे वळतो. घाईने पिणाऱ्याला यांतले काहीच कळत नाही. पारख आणि संयम यांची सोबत येथूनच सुरू होते.

काळा रंग दोन वाटांनी आला

स्टाउट हा मूळचा इंग्लंडचा शब्द. लंडनमध्ये अठराव्या शतकात ‘पोर्टर’ नावाची गडद बिअर श्रमिकांमध्ये लोकप्रिय झाली. तिच्यातील जी अधिक कडक, तिला स्टाउट म्हणजे दणकट असे विशेषण लागले. १८१७ साली डॅनियल व्हीलर यांनी माल्ट फिरत्या पिंपात काळे होईपर्यंत भाजण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले. थोड्याशा काळ्या माल्टने सगळ्या बिअरला रंग आणि कॉफीसारखी चव येऊ लागली. डब्लिनमध्ये आर्थर गिनेस यांनी १७५९ साली सुरू केलेल्या कारखान्याने पुढे हा प्रकार जगभर नेला.

बेल्जियमच्या मठांतील काळ्या बिअरची वाट निराळी. तिचा गडदपणा मुख्यतः साखरेतून येतो. साखर उकळून, करपण्याच्या अलीकडे आणून, तिचा काळपट पाक करतात आणि तो जवाच्या माल्टच्या रसात मिसळतात. आपल्याकडे गुऱ्हाळात रस आटताना काकवीला जो रंग व वास येतो, त्याच्या जवळचा हा प्रकार. या साखरेचे यीस्ट जवळजवळ पूर्णपणे मद्यार्कात रूपांतर करते. त्यामुळे बिअर कडक होते, पण अंगाने हलकी राहते. मनुका आणि लवंग यांची आठवण करून देणारे गंध बऱ्याच अंशी यीस्टची करणी असतात; त्यांत मनुका किंवा लवंग घातलेली नसते.

पुढे या दोन वाटा एकमेकींना भेटल्या. बेल्जियमच्या लोकांना स्टाउटही आवडू लागला. गिनेस कंपनीने त्या देशासाठी ८ टक्के मद्यार्काचा खास कडक स्टाउट तयार केला. १९८० साली पश्चिम फ्लँडर्समधील एसेन गावी सुरू झालेल्या ‘दे दोल्ले ब्राउअर्स’ या लहान कारखान्याने ९ टक्क्यांचा निर्यात स्टाउट काढला. अशा बेल्जियन धाटणीच्या स्टाउटची पारख करताना परीक्षकाला एक प्रश्न सोडवावा लागतो. भाजलेल्या जवाचा कडूपणा आणि यीस्टची फळांची चव एकमेकींना साथ देतात, की एक दुसरीचा गळा दाबते? भाजणे आणि जाळणे यांतील अंतर पोळी करणाऱ्या गृहिणीलाही ठाऊक असते. चांगल्या स्टाउटमध्ये धान्य भाजलेले असते. वाईटात ते जळलेले असते.

कारभाऱ्याचे ज्ञान येथवर येऊन थांबते. आता पाणी भरणाऱ्यांकडे वळू.

नियमातील तीन अध्याय

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मोंते कासिनो येथे आपला नियमग्रंथ लिहिला. पाश्चात्त्य ख्रिस्तसभेतील मठजीवन त्यावर उभे आहे. या इतिहासाशी त्यातील तीन अध्यायांचा थेट संबंध येतो.

चाळिसावा अध्याय पेयाच्या प्रमाणाचा आहे. मठवासीयांना द्राक्षारस मुळीच योग्य नाही असे आपण वाचतो, परंतु आपल्या काळातील बंधूंना हे पटविता येत नाही, अशी कबुली देऊन संत बेनेडिक्ट दिवसाला एक ‘हेमिना’, म्हणजे साधारण पाव लिटर द्राक्षारसाची मुभा देतात. ज्याला देवाने त्यागाची शक्ती दिली त्याने त्याग करावा. इतरांनी तृप्तीपर्यंत न जाता थांबावे. माणसाचे दुबळेपण ओळखून घातलेली ही मर्यादा आहे. तिच्यात कठोरपणा नाही आणि ढिलाईही नाही.

अठ्ठेचाळिसावा अध्याय श्रमाचा. स्वतःच्या हातांच्या कष्टांवर जगतो तोच खरा मठवासी, ही भूमिका तेथे मांडली आहे. सत्तावन्नावा अध्याय मठातील कारागिरांचा. कारागिराने नम्रपणे काम करावे. कसबाचा गर्व झाला तर त्याला त्या कामावरून दूर करावे. आणि मठातील वस्तू बाहेरच्या व्यापाऱ्यांपेक्षा थोड्या स्वस्त विकाव्यात, म्हणजे लोभाचा शिरकाव होणार नाही.

हा नियम द्राक्षांच्या देशात लिहिला गेला. उत्तरेकडील थंड मुलखात द्राक्षे नीट पिकत नसत. जव मात्र मुबलक. म्हणून तेथील मठांत बिअर आली. ती करताना पाणी उकळले जाते, त्यामुळे दूषित पाण्यापेक्षा ती सुरक्षित ठरे. अकराव्या शतकात फ्लँडर्समध्ये औदेनबुर्गचा मठ स्थापन करणारे संत अर्नोल्ड यांच्याबद्दल अशी आख्यायिका आहे की, साथीच्या दिवसांत त्यांनी लोकांना पाण्याऐवजी बिअर पिण्यास सांगून त्यांचे प्राण वाचविले. बेल्जियमचे बिअरकर्ते आजही त्यांना आपले आश्रयदाते संत मानतात.

परागंदा झालेले मठवासी

बेनेडिक्टच्या नियमाकडे अधिक काटेकोरपणे परतण्यासाठी १०९८ साली फ्रान्समधील सितो येथे सिस्टर्सियन परंपरेचा जन्म झाला. साडेपाच शतकांनी तीही सैलावली. तेव्हा नॉर्मंडीतील ला त्राप या मठात मठाधिपती आर्मां-जां द रांसे यांनी १६६४ पासून पुन्हा मौन, श्रम आणि साधा आहार यांवर भर दिला. याच मठावरून ‘त्रापिस्त’ हे नाव पडले.

फ्रेंच राज्यक्रांतीने १७९० साली मठांतील व्रते रद्द केली. ला त्रापच्या काही बंधूंनी स्वित्झर्लंडचा आश्रय घेतला आणि तेथून त्यांच्या तुकड्या निरनिराळ्या देशांत गेल्या. अशाच एका तुकडीने १७९४ साली अँटवर्पजवळ वेस्टमाले येथे मुक्काम केला. १८३६ साली वेस्टमालेला पूर्ण मठाचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी बंधूंनी स्वतःच्या जेवणासाठी बिअर तयार करण्यास आरंभ केला. १८५६ पासून तेथे गडद तपकिरी, अधिक कडक बिअर होऊ लागली. फ्रान्सच्या सीमेलगत वेस्टव्लेटेरन येथे १८३१ साली सेंट सिक्स्टसचा मठ उभा राहिला. शिमे जवळचा स्कूर्माँ मठ १८५० साली स्थापन झाला आणि १८६२ साली तेथे बिअरचा कारखाना निघाला. आर्देनच्या जंगलातील रोशफोर मठात तर १५९५ पासून बिअर होत असल्याची नोंद आहे. क्रांतीत तो मठ उद्ध्वस्त झाला आणि १८८७ साली पुन्हा वसला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कडक काळी बिअर ही मठवासीयांचे रोजचे पेय नव्हे. त्यांच्या जेवणाच्या मेजावर येते ती पाच टक्क्यांच्या आसपासची, फिकट, हलकी बिअर, तीही मोजकी. कडक बिअर सणासुदीसाठी, पाहुण्यांसाठी आणि विक्रीसाठी. ज्यांनी जगाला अकरा टक्क्यांची बिअर दिली, त्यांनी स्वतःसाठी मात्र सौम्य पेला ठेवला.

युद्ध आणि कायदा

पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने बेल्जियमचा बहुतेक भाग व्यापला आणि तोफगोळ्यांसाठी तांबे हवे म्हणून बिअर कारखान्यांतील तांब्याच्या कढया उचलून नेल्या. अनेक मठांचे काम त्यामुळे थांबले. सेंट सिक्स्टसचा मठ दोस्त सैन्याच्या बाजूला राहिल्याने त्याच्या कढया वाचल्या. जवळच्या ईप्र शहराचा मात्र त्या चार वर्षांत ढिगारा झाला.

युद्ध संपताच १९१९ साली बेल्जियमच्या संसदेने एक कायदा केला. न्यायमंत्री एमिल व्हांदरवेल्दे यांच्या नावाने तो ओळखला जातो. कामगार वर्गातील दारूबाजी थांबावी म्हणून जिनसारखी ऊर्ध्वपातित मद्ये कॅफेंतून पाजण्यास बंदी आली. दुकानातून ती विकत घ्यायची तर एका वेळी किमान दोन लिटर घ्यावी लागत, आणि तेवढे पैसे मजुराच्या खिशात नसत. हेतू उदात्त होता. परंतु कडक पेयाची ओढ असलेला माणूस कॅफेत जाऊन कडक बिअर मागू लागला, आणि बिअरकर्त्यांनी तिची ताकद वाढवीत नेली. मठांच्या गडद बिअरलाही या मागणीने मोठे गिऱ्हाईक मिळाले. हा कायदा ऐंशीच्या दशकात मागे घेण्यात आला, तोवर कडक बिअर त्या देशाची ओळख बनली होती. बाहेरून घातलेली बंदी आणि आतून स्वीकारलेली मर्यादा यांत किती फरक असतो, हे या प्रसंगावरून दिसते. संत बेनेडिक्ट हे ओळखून होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिमे येथील फादर तेओदोर यांनी लूव्हाँ विद्यापीठातील प्राध्यापक जाँ द क्लेर्क यांच्या मार्गदर्शनाने मठाच्या यीस्टमधून एक शुद्ध वाण वेगळा काढला. १९४८ साली त्यातून नाताळसाठी गडद, ९ टक्क्यांची बिअर तयार झाली. आज ती निळ्या लेबलाने ओळखली जाते. आपल्याला लाभलेले हे ज्ञान शिमेच्या बंधूंनी तिजोरीत बंद केले नाही. शेजारच्या मठांनाही त्यांनी मदतीचा हात दिला.

पुरेसे म्हणजे किती?

प्रतिष्ठा वाढली तशी नक्कल वाढली. ज्यांचा मठाशी काडीचाही संबंध नाही असे कारखानेही ‘त्रापिस्त’ हे नाव वापरू लागले. १९६२ साली गेंट येथील व्यापारी न्यायालयाने हे नाव मठांचे आहे असा निर्णय दिला. १९९७ साली मठांनी आपली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापून षटकोनी चिन्ह निर्माण केले. त्याच्या अटी मोजक्या पण स्पष्ट आहेत. उत्पादन मठाच्या आवारात व्हावे. ते मठवासीयांच्या हातून किंवा त्यांच्या देखरेखीखाली व्हावे. मठजीवन हे मुख्य आणि धंदा दुय्यम असावा. निर्वाहापुरते ठेवून उरलेली मिळकत गरजूंसाठी खर्च व्हावी.

अट पाळणे सोपे नसते. अखेल येथील शेवटचे बंधू वेस्टमालेला परतले, तेव्हा २०२१ साली अखेलच्या बिअरने ते चिन्ह गमावले. कृती तीच, कढया त्याच, चवही तीच. परंतु प्रार्थना करणारे उरले नाहीत. २०२३ मध्ये ती वास्तू खाजगी मालकाकडे गेली. पेला पुढे आलेल्या परीक्षकाला यांतले काहीही जिभेवर जाणवणार नाही. व्रतस्थांच्या पाचारणाची उणीव भासणाऱ्या आजच्या काळात आपल्याला मात्र हे चटका लावून जाते.

सर्वांत बोलका इतिहास वेस्टव्लेटेरनचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील मठाने ठरविले की, धंदा प्रार्थनेवर कुरघोडी करू लागला आहे, तेव्हा तो आवरावा. १९४६ साली बाहेर विकण्याच्या बिअरचा परवाना वाटू गावच्या एका चीज कारखान्याला दिला, आणि मठात केवळ आपल्या गरजेपुरते उत्पादन ठेवले. तो करार १९९२ साली संपला. २००५ साली एका आंतरराष्ट्रीय पाहणीत मठाची ‘१२’ क्रमांकाची काळी बिअर जगात सर्वोत्कृष्ट ठरली. फाटकाबाहेर मोटारींच्या लांबच लांब रांगा लागल्या. व्यापाराच्या नीतीप्रमाणे उत्पादन दुप्पट करून भाव चौपट करण्याचा तो क्षण होता.

मठाने यांतले काहीही केले नाही. उत्पादन मोजकेच राहिले. आधी फोनवर नाव आणि गाडीचा क्रमांक नोंदवावा, ठरलेल्या वेळी फाटकाशी यावे, मोजके खोके न्यावेत आणि पुढे नफ्याने विकू नयेत, अशी पद्धत घातली गेली. २०१९ मध्ये फोनची जागा संगणकावरील नोंदणीने घेतली. मठाच्या इमारतीची पुनर्बांधणी करण्यासाठी पैसा हवा होता, तेव्हा २०११ व २०१२ मध्ये काही बिअर दुकानांतून विकली. गरज भागली तेव्हा तो रस्ता बंद केला. अध्याय सत्तावन्न पंधराशे वर्षांनंतरही असा जिवंत आहे.

पाण्याचा दावा

रोशफोर मठाची सर्वांत काळी बिअर ११.३ टक्क्यांची आहे. तिला लागणारे पाणी मठाजवळच्या त्रिदेन नावाच्या झऱ्यातून येते. हा झरा गावालाही पाणी पुरवितो. शेजारच्या चुनखडीच्या खाणीला आणखी खोल जायचे होते आणि त्यासाठी भूगर्भातील पाण्याचा प्रवाह वळविणे आवश्यक होते. मठवासीयांनी हरकत घेतली. हा वाद वर्षानुवर्षे चालला. दरम्यान २०१० च्या डिसेंबरात मठाच्या इमारतींना मोठी आग लागली. बिअरचा कारखाना त्यातून बचावला. अखेर २०२१ साली लिएजच्या अपील न्यायालयाने मठाच्या बाजूने कौल दिला.

मौनव्रती माणसे कोर्टाची पायरी चढली ती पाण्यासाठी. नव्या कृतीने किंवा नव्या यंत्राने बिअर वेगळी करता येते, पण झरा एकदा वळला की पुन्हा आणता येत नाही. शिवाय तो झरा मठाच्या मालकीपुरता नव्हता, गावाच्या घशाचाही होता. विहिरी खाऱ्या होताना आणि तळी बुजताना पाहिलेल्या आपल्या पिढीला या दाव्याचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

क्रूसाच्या डोंगरावर

या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या देशात येतो. युद्धात बेचिराख झालेल्या त्या ईप्र शहरात १९१२ साली जन्मलेले फ्रान्सिस माहिउ हे स्कूर्माँ मठाचे बंधू, म्हणजे शिमेची बिअर जेथे होते त्या मठाचे. १९५५ साली ते भारतात आले. बीड ग्रिफिथ्स यांच्यासमवेत त्यांनी १९५८ साली केरळातील वागमोणजवळ कुरिसुमला आश्रम स्थापन केला. कुरिसुमला म्हणजे क्रूसाचा डोंगर. तेथे त्यांनी भगवी वस्त्रे, साधे शाकाहारी अन्न आणि पूर्वेकडील सिरियन परंपरेची उपासना स्वीकारली. लोक त्यांना फ्रान्सिस आचार्य म्हणू लागले. १९९८ साली आश्रम अधिकृतपणे त्रापिस्त परिवारात दाखल झाला आणि २००२ साली आचार्यांनी देह ठेवला.

हातांच्या श्रमांवर जगण्याचा नियम तेथेही होताच. स्कूर्माँचा माणूस काय करू शकला असता हे वेगळे सांगायला नको. परंतु आचार्यांनी डोंगरावर गवत लावले, गायी पाळल्या, संकरित पैदास केली आणि दुधाचा व्यवसाय उभारला. भोवतालच्या शेतकऱ्यांनाही त्यातून उपजीविकेचा मार्ग मिळाला. ज्या भूमीत जव आणि थंडी, तेथे बिअर. ज्या भूमीत गवत आणि गरीब शेजारी, तेथे दूध. नियम एकच राहिला, वस्तू बदलली. मठवासीयांची निष्ठा बिअरशी नव्हती, हे यापेक्षा स्पष्टपणे दुसरे काय सांगणार?

शेवटचे दहा गुण

दहा टक्क्यांच्या काळ्या बिअरच्या ३३० मिलिलिटरच्या एका बाटलीत ३३ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. म्हणजे व्हिस्कीच्या साधारण अडीच छोट्या पेगांएवढा. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णतः निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. चव कितीही थोर असली तरी ही गोष्ट बदलत नाही. ज्याच्या घरात या पेयाने जखम केली आहे, त्याच्यासाठी उत्तम मात्रा शून्य हीच आहे. संत बेनेडिक्ट यांनीही पूर्ण त्याग करणाऱ्याला कमी लेखले नाही. त्याला विशेष पारितोषिक मिळेल असेच सांगितले.

परीक्षकाच्या कागदावर शेवटचे दहा गुण एकंदर परिणामासाठी राखून ठेवलेले असतात. प्रामाणिक परीक्षक ते जिभेला साक्षी ठेवून देतो आणि त्याने तसेच करावे. पण कोणत्याही वस्तूबाबत, मग ती बिअर असो, दूध असो, आपल्या वाडीतील भाजी असो की आपल्या दुकानातील माल असो, आणखी काही प्रश्न विचारता येतात. ती करणाऱ्याने कुठे थांबायचे हे ठरविले होते काय? तिच्या मिळकतीत शेजाऱ्याचा वाटा होता काय? तिच्यासाठी घेतलेले पाणी पुढच्या पिढीला उरले काय? या प्रश्नांना गुणपत्रिकेत रकाना नाही. काना येथील कारभाऱ्यालाही त्यांची उत्तरे देता आली नसती. ती विचारायची असतील तर रांजण भरणाऱ्या सेवकांकडेच जावे लागेल.